एकच नकाशा, पाच खेळाडू: दुसऱ्याच्या डावातून शिकायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 'सिव्हिलायझेशन 6' हा पाळीपाळीने साम्राज्य उभारायचा संगणकावरचा खेळ तीनशेहून जास्त तास खेळून झालाय, पण किंग या अवघडपणाच्या पातळीच्या वर जाता येत नाही. म्हणून तुम्ही आणखी चार जणांबरोबर 'समान सुरुवात' हा सराव सुरू केला. सगळ्यांकडे एकच सेव्ह फाइल (साठवलेला डाव), तोच लीडर, तोच नकाशा. शंभराव्या टर्नला (पाळीला) थांबायचं आणि एकमेकांचे डाव बघायचे. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा तुमची चार शहरं झाली आणि बाकीच्यांची सहा ते नऊ. त्यांनी लिहिलेलं तुम्ही मन लावून वाचता, पुढच्या फेरीत तसंच खेळायला जाता, तरी शंभराव्या टर्नला पुन्हा चारच शहरं. शेवटी तुम्ही विचारलंय की माझ्यातच काही कमी आहे की या पद्धतीतच काही चुकतंय, आणि पातळी बदलून बघावी का.

तुमच्यात काही कमी नाही, आणि पद्धतही उत्तम आहे. मी स्वतः अशाच सरावातून शिकले आणि गेली काही वर्षं असे गट चालवते. अडचण अशी आहे की तुम्ही शंभराव्या टर्नचं चित्र बघताय आणि ते चित्र जिथे ठरलं ती जागा तुमच्या नजरेतून सुटतेय. 'त्याची नऊ शहरं आहेत' हे वाचून पुढच्या वेळी 'आपणही नऊ करू' असं ठरवलं, तर हाताशी काहीच नवीन आलेलं नसतं. नऊ शहरं हा परिणाम आहे. तो पंचविसाव्या, तिसाव्या टर्नला घेतलेल्या दोन-तीन साध्या निर्णयांतून येतो, आणि ते निर्णय इतके साधे असतात की खेळणारा ते लिहायलाच विसरतो.

आधी एक कबूल करते. पुढे मी जे आकडे देणार आहे ते स्टँडर्ड वेगाचे आहेत. ऑनलाइन वेगावर खेळत असाल तर टर्नचे आकडे निम्म्यावर येतात. तुमच्याकडे 'राइज अँड फॉल' आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' ही विस्तारं आहेत की नाहीत, यावरही बरंच काही बदलतं. एकच उदाहरण घ्या: मूळ 2016 च्या खेळात युरेका (ठरावीक काम केल्याबद्दल संशोधनात मिळणारी सूट) मिळाला की तंत्रज्ञानाचा निम्मा खर्च वाचायचा, 'राइज अँड फॉल'पासून तो 40 टक्के झाला. मॅग्नस नावाचा गव्हर्नर त्या विस्तारातच येतो, आणि त्याची 'प्रोव्हिजन' ही बढती घेतली की त्या शहरातून सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) काढताना लोकसंख्या घटत नाही. त्यामुळे गटात एकाकडे विस्तार आणि दुसऱ्याकडे नाही असं असेल, तर तुलना पहिल्या दिवशीच बिघडते. याच कारणासाठी नुसता मॅप सीड (ज्यावरून नकाशा तयार होतो तो आकडा) देऊ नका, सेव्ह फाइलच द्या. आवृत्ती किंवा मॉड (खेळात वरून घातलेले बदल) वेगळे असले की तोच सीड वेगळा नकाशा देऊ शकतो आणि ते दहा टर्न होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मूळ मुद्दा. समान सुरुवातीची ताकद कशात आहे ते बघू. ब्रिजच्या पत्त्यांच्या खेळात 'डुप्लिकेट' नावाचा प्रकार आहे. एकदा वाटलेली पानं तशीच पुढच्या टेबलावर जातात आणि तीच पानं हातात घेऊन दुसरे लोक खेळतात. पानं चांगली आली की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. त्याच पानांत कुणी काय केलं एवढंच मोजलं जातं. आपल्या खेळातही एरवी 'मला नदीच मिळाली नाही', 'शेजारी मोंटेझुमासारखा लढाऊ लीडर होता' अशी कारणं मनात येतात, आणि बऱ्याचदा ती खरीही असतात. एकाच सेव्हवर ती गळून पडतात. थोडं नशीब तरी राहतंच. समान ताकदीच्या दोन तुकड्या लढल्या तर नुकसान 24 ते 36 च्या दरम्यान कुठेही पडतं, ट्रायबल व्हिलेजमधून (पोचणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या वस्तीतून) प्रत्येकाला वेगळं काही मिळू शकतं. पण जमीन, पाणी, डोंगर आणि शेजारी सगळ्यांना तेच असतात.

या ताकदीचा उपयोग करायचा तर दोन डाव जिथे पहिल्यांदा वेगळे झाले ती टर्न शोधावी लागते. मी गटात याला 'फाटा' म्हणते. शंभराव्या टर्नवरून मागे जाऊन फाटा सापडत नाही, कारण तोवर फरकांवर फरक चढलेले असतात. सुरुवातीपासून पुढे यावं लागतं.

एक फाटा जवळून दाखवते, आमच्याच गटातला. सुरुवातीचा सेटलर नदीकाठच्या सपाट गवताळ टाइलवर (नकाशावरच्या एका घरावर) उभा होता. शेजारीच, नदीलाच लागून, प्लेन्स हिलची (माळरानातल्या टेकडीची) टाइल होती. पाचपैकी तिघांनी होते तिथेच पहिल्या टर्नला शहर वसवलं, दोघे टेकडीवर गेले. टेकडी चढताना सेटलरची हालचाल संपते, म्हणून शहर दुसऱ्या टर्नला वसलं. एक टर्न वाया गेली असं दिसतं. पण शहराच्या मधल्या टाइलला कमीत कमी 2 अन्न आणि 1 प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) मिळतं, आणि प्लेन्स हिलवर मात्र 2 अन्न आणि 2 प्रॉडक्शन. राजवाड्याचं 2 प्रॉडक्शन दोन्हीकडे आलंच. पहिला नागरिक 2-2 देणाऱ्या जंगलाच्या टेकडीवर कामाला लावला, की सपाटीवर एकूण प्रॉडक्शन 5 होतं आणि टेकडीवर 6.

एका प्रॉडक्शनने काय होतं असं वाटेल. पण पाचात एक म्हणजे वीस टक्के. स्काउट (टेहळ्या) 30 प्रॉडक्शनचा, स्लिंगर (गोफणवाला) 35 चा, पहिला सेटलर 80 चा. एकूण 145. पाचाच्या वेगाने 29 टर्न लागतात, सहाच्या वेगाने 25. गेलेली एक टर्न धरली तरी टेकडीवाल्यांचा सेटलर 26 व्या टर्नला बाहेर पडतो. लोकसंख्या वाढेल तसे दोन्हीकडचे आकडे सुधारतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळच आहे, पण तीन टर्नचा फरक त्यातून नीट दिसतो. आणि तो सेटलर तीन टर्न आधी वसला की त्या शहरातलं सगळंच तीन टर्न आधी सुरू होतं. शंभराव्या टर्नला हाच फरक एका पूर्ण शहराएवढा होऊन समोर आला. पण त्या दोघांपैकी एकानेही आपल्या वर्णनात 'मी टेकडीवर गेलो' हे लिहिलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाले, ते तर उघडच आहे.

हे 'उघडच आहे' फार महत्त्वाचं आहे. बुद्धिबळात यावर 1973 साली चेस आणि सायमन या दोघांनी प्रयोग केला होता. खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना पाच सेकंद दाखवली, तर उस्ताद खेळाडूला ती नवख्यापेक्षा कितीतरी जास्त आठवायची. त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या, की उस्तादाची ही आघाडी जवळजवळ नाहीशी व्हायची. म्हणजे फरक नुसत्या स्मरणशक्तीचा नव्हता, ओळखीच्या रचना दिसण्याचा होता. आपल्या खेळातही तेच होतं. चांगल्या खेळाडूला पहिल्या पडद्यावर 'नदी, टेकडी, तीन टाइलवर पर्वतांची रांग, म्हणजे दुसरं शहर तिथे आणि कॅम्पस (विज्ञानाचा विभाग) त्या कोपऱ्यात' असं एकदम दिसतं. त्यामुळे तो ते सांगत नाही. तुम्हाला ते विचारून काढून घ्यावं लागेल.

आता तुमच्या तिसऱ्या फेरीकडे येते. तुम्ही तीनच तपशील दिलेत, पण तेवढे पुरेत: स्टोनहेंज हे वंडर (जगात एकदाच बांधता येणारी भव्य वास्तू) 41 व्या टर्नला पूर्ण झालं, कोलोनायझेशनचं धोरणाचं कार्ड 44 व्या टर्नला लावलं, आणि दुसरा सेटलर 47 व्या टर्नला निघाला. चार शहरांचं कारण माझ्या मते इथेच आहे.

स्टोनहेंजची किंमत 180 प्रॉडक्शन. सेटलर दरवेळी महाग होत जातो, तरी सुरुवातीच्या दोन सेटलरांच्या जवळपास ती जाते. धर्म स्थापून जिंकायचा बेत असेल तर स्टोनहेंजचा खर्च समजू शकते, त्यातून धर्म स्थापणारा ग्रेट प्रॉफेट थेट मिळतो. पण तुम्ही जे कळवलंय त्यात धर्माचा कुठे उल्लेखच नाही. तुमची राजधानी अंदाजे सोळाव्या ते एकेचाळिसाव्या टर्नपर्यंत त्या दगडांत अडकून होती, आणि नेमक्या त्याच काळात मोकळी जमीन सगळ्यात जास्त होती. मीही कितीतरी डाव असेच घालवलेत. वंडर बांधून झालं की पडद्यावर छान काहीतरी घडतं, सेटलर निघाला की काहीच घडत नाही, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो.

दुसरी गोष्ट कोलोनायझेशनची. हे कार्ड अर्ली एम्पायर या सिव्हिकमधून (समाजव्यवस्थेच्या शोधातून) मिळतं आणि सेटलरच्या प्रॉडक्शनला 50 टक्के जोड देतं. त्या सिव्हिकची इन्स्पिरेशन (युरेकासारखीच सूट) मिळायला साम्राज्याची एकूण लोकसंख्या 6 व्हावी लागते. एकट्या राजधानीत 6 गाठायला फार वेळ लागतो, तेच दोन-तीन शहरांत विभागून पटकन होतं. म्हणजे पहिला सेटलर लवकर काढला की पुढचे सेटलर स्वस्त करणारं कार्डही लवकर येतं. तुमच्या गटातल्या नऊ शहरांवाल्याला विचारून बघा. माझा अंदाज आहे की त्याच्याकडे हे कार्ड तिशीतच आलं असेल, आणि ते आलं त्या टर्नला त्याच्या दोन किंवा तीन शहरांत सेटलर एकदम रांगेत लागले असतील. सिव्हिक पूर्ण झालं की कार्डं फुकट बदलता येतात, म्हणून हे लोक कार्ड लावतात, सेटलरांचा एक मोठा हप्ता काढतात आणि मग कार्ड उतरवतात. तुम्ही त्याचं वर्णन वाचून कार्ड लावलंत, पण लावलंत तेव्हा सेटलर काढू शकणारं तुमचं शहर एकच होतं. चाल उचलली, पण ती चाल जिच्यावर उभी होती ती परिस्थिती आली नाही. तिन्ही फेऱ्यांत तसंच खेळूनही तेच का होतं, याचं उत्तर बहुधा हेच आहे.

मग करायचं काय? मी गटात नव्या माणसाला पहिली सवय लावते ती निर्णयाची वही. प्रत्येक टर्न लिहायची गरज नाही, कंटाळून चौथ्या दिवशी सोडून द्याल. जिथे तुम्ही क्षणभर थांबलात, दोन पर्याय खरोखर समोर होते, तिथेच लिहा. पन्नास टर्नमध्ये अशा दहा-बारा जागा येतात. नोंद अशी असावी:

'टर्न 27. राजधानीत बिल्डर (जमीन सुधारणारा) की दुसरा सेटलर? बिल्डर घेतला. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकची इन्स्पिरेशन मिळेल, मग अगोज हे सैनिक लवकर काढायचं कार्ड लावून उत्तरेकडची बार्बेरियनांची (रानटी टोळ्यांची) छावणी उठवेन. 40 व्या टर्नपर्यंत छावणी गेली नाही तर निर्णय चुकला असं समजेन.'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. तो अंदाज आधीच लिहिलेला नसेल, तर पुढे काहीही झालं तरी मन म्हणतं, मला हेच तर हवं होतं. आणि लिहिताना पहिल्यांदा लक्षात येतं की कितीतरी निर्णयांना आपल्याकडे कारणच नाही. मॉन्युमेंट ही इमारत का, तर नेहमी करतो म्हणून. असं असेल तर तसंच लिहा, 'कारण नाही, सवय आहे.' तुलनेच्या दिवशी पहिल्यांदा त्याच नोंदी उघडा.

दुसरं, शंभराव्या टर्नपर्यंत थांबू नका. तुमच्या गटाचा पहिला थांबा तीसाव्या टर्नला असू द्या, दुसरा साठाव्या. तीसाव्या टर्नला सगळ्यांच्या डावात मोजून पाच-सहा निर्णय झालेले असतात, त्यामुळे फाटा उघड्या डोळ्यांना दिसतो. आणि तोवर इतरांचं काहीही वाचायचं नाही, हे कटाक्षाने पाळा. दुसऱ्याने पूर्वेला घोडे सापडल्याचं सांगितलं की तुमचा स्काउट पूर्वेला जाणारच, आणि तुमचा डाव तुमचा राहत नाही.

रीलोडबद्दलही तेच. सेटलरला एकट्याला पाठवलं, बार्बेरियनांनी पकडला, म्हणून मागची सेव्ह उघडली, असं करू नका. तो पकडला जाणं हीच त्या फेरीची तुमची शिकवणी आहे. बार्बेरियनांचा स्काउट तुमचं शहर बघून छावणीकडे परत गेला की मग टोळी येते. त्याला वाटेत गाठलं तर पुढचा त्रास वाचतो. हे मला चार वेळा वाचून समजलं नव्हतं, एकदा दोन सेटलर गमावल्यावर समजलं.

पुन्हा खेळणं मात्र मी जरूर सांगते, फक्त वेगळ्या पद्धतीने. तुलना झाल्यावर पूर्ण डाव पहिल्यापासून खेळू नका. फाट्याच्या टर्नची सेव्ह उघडा आणि दुसऱ्या वाटेने फक्त वीस-पंचवीस टर्न खेळा. तुमच्या बाबतीत सोळावी टर्न: स्टोनहेंजऐवजी सेटलर, आणि चाळिसाव्या टर्नला थांबून दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघा. यात एक धोका आहे. आता तुम्हाला लोखंड कुठे आहे ते माहीत आहे, आणि ब्राँझ वर्किंग हे तंत्रज्ञान येईपर्यंत ते दिसत नसतं. म्हणून एक नियम पाळा: प्रत्येक निर्णयाचं कारण त्या टर्नला पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींतूनच द्यायचं. 'इथे शहर वसवतो कारण पुढे लोखंड निघेल' हे चालणार नाही. 'इथे नदी आहे, म्हणजे घरांची जागा 5, आणि दोन पर्वत लागून आहेत, म्हणजे कॅम्पसला किमान 2 विज्ञान' हे चालेल.

अंतराबद्दल जाता जाता एक. दोन शहरांमध्ये तीन टाइल मोकळ्या असल्या की दुसरं शहर वसवता येतं. नवखे खेळाडू सहा-सात टाइल सोडतात, कारण प्रत्येक शहराला सगळी जमीन मिळावी असं वाटतं. पण शहराची लोकसंख्या सात-आठच्या पुढे जाईपर्यंत एवढ्या टाइल कुणी कसतच नाही. जवळ वसवा. तुमच्या चारच्या जागी सहा शहरं एवढ्यानेही होतील. आणि रायटिंग हे तंत्रज्ञान झालं की नव्या शहरात पहिल्याच टर्नला कॅम्पसची जागा मांडून ठेवा. कॅम्पससारख्या डिस्ट्रिक्टची (शहराच्या विभागाची) किंमत तुमच्या प्रगतीबरोबर वाढत जाते, पण एकदा मांडला की त्या दिवशीची किंमत कायम राहते. बांधकाम नंतर केलं तरी चालतं.

कुणाचा डाव वाचायचा, हेही सांगते. गटातला सर्वात चांगला खेळाडू तुमच्यासाठी सर्वात उपयोगी असेलच असं नाही. नऊ शहरांवाल्याच्या डावात आणि तुमच्या डावात दहा फाटे असतील, कोणत्या फाट्याने किती फरक पडला हे वेगळं करता येत नाही. सहा शहरांवाल्याचा डाव घ्या. तिथे दोनच फाटे सापडतील आणि दोन्ही पुढच्या फेरीत उचलता येतील. त्याला विचारताना 'तू कसा खेळलास' असं विचारू नका. 'सोळाव्या टर्नला राजधानीत काय चालू होतं आणि दुसरं काय करायचा विचार होता' असं विचारा. नेमक्या टर्नबद्दल विचारलं की लोक सेव्ह उघडून बघतात आणि खरं सांगतात. मोघम विचारलं की आठवणीतलं सांगतात, आणि आठवणीत प्रत्येक डाव प्रत्यक्षापेक्षा नीटनेटका असतो.

गट चालवणाऱ्याने सुरुवातही विचारपूर्वक निवडावी. फार समृद्ध जागा दिली की सगळ्यांचंच बरं होतं आणि कुणाला काही कळत नाही. फार उजाड दिली की सगळे नशिबाशी झगडत बसतात. जिथे पहिल्या टर्नलाच एक खरा प्रश्न पडतो, वसवू की सरकू, अशी सुरुवात मला आवडते. आणि एका फेरीत एकच विषय ठेवा. या वेळी फक्त सेटलर, पुढच्या वेळी फक्त कॅम्पसच्या जागा. वंडर बांधायला बंदी घालू नका, कारण बंदीने सवय जात नाही. वंडर घेतलंच तर वहीत त्याच्यापुढे 'याऐवजी किती सेटलर' हा आकडा लिहायचा, एवढाच नियम पुरेसा आहे.

राहिला पातळीचा प्रश्न. किंग ही आठातली पाचवी पातळी. तिच्यावर एम्परर आणि इमॉर्टल, तिथे संगणकाचे खेळाडू दोन सेटलरांनी सुरुवात करतात, आणि डीइटीला तिघांनी. म्हणजे मोकळी जमीन तुमच्या आधी त्यांच्याकडे जाते. ज्याचा दुसरा सेटलर 47 व्या टर्नला निघतो त्याला तिथे वसायला जागाच उरणार नाही, आणि त्यातून फक्त हरणं मिळेल, काही शिकायला मिळणार नाही. खाली प्रिन्सवर जाण्याचीही गरज नाही, तिथे उशीर केल्याची किंमतच मोजावी लागत नाही. किंगवरच राहा. दोन वेगवेगळ्या नकाशांवर लागोपाठ, शंभराव्या टर्नला सात शहरं झाली की त्याच गटाबरोबर एम्पररची सेव्ह घ्या. आणि जमलं तर सोळाव्या टर्नपासून पुन्हा खेळलेल्या त्या पंचवीस टर्नचं काय झालं ते मला कळवा, चाळिसाव्या टर्नच्या दोन्ही पडद्यांसकट.